दादांचा तांब्या

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्याकडे बंब पेटे. आई आम्हां भावंडांना उटणे चोळून बादल्याच्या बादल्या कढत पाणी अंगावर ओती. सर्वांत शेवटी दादा न्हाणीत जात आणि एका तांब्यात अभ्यंगस्नान आटोपून बाहेर येत. एका तांब्यात! आजी म्हणे, "अरे, सण आहे आज." दादा नुसते हसत. मला मेलीला तो कंजूषपणा वाटे.

पाथर्डी तालुक्यातले आमचे गाव. पाऊस झाला तर बाजरी, नाही तर ऊसतोडीला जायचे. फौजेत शिरायचे तर नगरला रणगाड्यांचे केंद्र हाताशी होते. पण दादांनी समुद्र निवडला, आणि तोही पाण्याखालचा. 'कुरसुरा' पाणबुडी १८ डिसेंबर १९६९ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या रीगा येथे आपल्या नौदलात आली. १९७१ च्या लढाईत ती अरबी समुद्रात गस्तीला होती, आणि दादा तिच्या इंजिनावर.

माझ्या मैत्रिणीचे वडील रणगाड्यावरचे. तिच्यापाशी गोष्टींचा साठा असे. मी दादांना विचारले, "तुम्ही लढाईत काय केलेत?"

"वाट पाहिली, पोरी."

लाज वाटली मला. मग वर्गात ठोकून दिले, की आमच्या दादांनी दोन जहाजे बुडवली! गोष्ट फिरत फिरत घरी पोचली. दादा रागावले नाहीत. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ शत्रूच्या पाणबुडीने आपली 'खुकरी' बुडवली, १९४ जण गेले, कप्तान मुल्ला बोटीबरोबरच गेले, एवढे त्यांनी सांगितले. "बुडवणे असे असते," म्हणाले. दर ९ डिसेंबरला ते रात्री जेवत नसत. त्याचे कारण मला त्या दिवशी कळले.

१९७२ साली दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, अर्धे गाव रस्त्यावर खडी फोडू लागले. आमची चूल दादांच्या मनीऑर्डरीवर पेटत होती. आईच्या हाती हातोडा आला नाही, माझी शाळा सुटली नाही. त्या वयात हे उपकार कुणाला सुचतात?

दादा गेल्यावर विशाखापट्टणमला जाणे झाले. 'कुरसुरा' तिथे किनाऱ्यावर २००२ पासून संग्रहालय होऊन उभी आहे. लांबी ९१ मीटर. पण आत दोघे समोरासमोर आले तर एकाने अंग चोरावे. दारे गोल, वाकल्यावाचून पलीकडे जाता येत नाही. पंचाहत्तरेक माणसे, सगळीकडे डिझेलचा वास. वर यायचे, हवेची नळी पाण्याबाहेर काढून इंजिने चालवायची, बॅटऱ्या भरल्या की पुन्हा खाली. भोवती अवघा समुद्र, आणि गोडे पाणी मोजून! अंघोळीचे नाव काढायचे नाही. दादा घराच्या उंच दारातूनही वाकून का जात, थंडीतही अंगणात का निजत, ते मला तिथे उमगले.

माहिती देणारे गृहस्थ जुने नौसैनिक होते. त्यांनी विचारले, "तुमचे कुणी होते का हिच्यावर?" तोंडून शब्द फुटेना. मी मान हलवली. त्यांनी पुढच्या मंडळींना नेले आणि मला इंजिनाशी एकटीला राहू दिले.

यंदाही पहाटे बंब पेटेल. नातवंडांच्या अंगावर मी हात न आखडता पाणी ओतीन. दादांचा तो तांब्या परवाच चिंच लावून घासून ठेवला आहे; तो माझ्या पाटाशी.