वसंतातल्या शिंका आणि बिचारा पळस

फेब्रुवारी सरत आला की दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "डॉक्टर, पळस-पांगारा फुलला की माझ्या शिंका सुरू होतात. मला फुलांची अ‍ॅलर्जी आहे." काही जण तेवढ्यासाठी सकाळचं फिरणंच बंद करतात. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाने दोन महिने चालणं सोडलं, तर ते शिंकांपेक्षा कितीतरी महागात पडतं. म्हणून आज तुम्हाला मी नेहमी फिरायला जातो त्या येऊरच्या जंगलात घेऊन जातो.

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. पावसाळ्यातलं हिरवंगार जंगल आता बरंचसं उघडं दिसतं. पायाखाली सागाची वाळलेली पानं चुरचुरतात. पाणी वाचवण्यासाठी अनेक झाडांनी पानं टाकलेली असतात आणि नेमके याच वेळी पळस, पांगारा, काटेसावर फुलतात. पानं आड येत नसल्याने लाल-केशरी फुलं पक्ष्यांना लांबूनच दिसतात. एखाद्या सावरीखाली पाच मिनिटं शांत उभे राहा. मैना, बुलबुल, कोतवाल यांची मधासाठी झुंबड उडालेली दिसेल.

शिंकांचं उत्तर इथेच आहे. ही झाडं पक्ष्यांना मध देतात आणि त्या बदल्यात परागकण त्यांच्या अंगावरून दुसऱ्या फुलाकडे पाठवतात. असे परागकण जड आणि चिकट असतात. ते वाऱ्यावर फारसे उडत नाहीत, त्यामुळे तुमच्या नाकापर्यंत सहसा पोहोचतही नाहीत.

मग शिंका कुणामुळे? वावळाकडे बघा. तोही याच दिवसांत फुलतो, पण फुलं इतकी बारीक आणि हिरवट की तुमचं लक्षही जाणार नाही. त्याचे हलके परागकण वारा वाहून नेतो. रस्त्याकडेच्या एरंडाचंही तसंच. ज्यांचं शरीर या निरुपद्रवी कणांना शत्रू समजतं, त्यांच्या नाकात हिस्टामिन सुटतं. मग शिंका, नाक गळणं, डोळ्यांना खाज. त्यात या दिवसांतली धूळ आणि जाळलेल्या पाल्याचा धूर भर घालतात.

पुढे कुसुंब लागेल. लांबून तोही फुललेला वाटतो, पण ती लालभडक कोवळी पानं असतात. त्यांतलं लाल रंगद्रव्य नाजूक पानाचं कडक उन्हापासून रक्षण करतं.

या वाटेवर जपायचंच असेल तर खाजकुइलीला जपा. तपकिरी, मखमली लव असलेल्या तिच्या शेंगा आता वाळलेल्या असतात. ती लव अंगाला लागली की भयंकर खाज सुटते, कारण तिच्यात प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम असतं. अशा वेळी चोळू नका. चिकटपट्टीने लव उचलून काढा, मग गार पाण्याने धुवा. डोळ्यात गेली तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

अ‍ॅलर्जीचा त्रास असेल तर एवढं करा :

१. शिंका कधी आणि कुठे येतात ते दोन आठवडे लिहून ठेवा. सकाळी अंथरुणातच सुरू होत असतील, तर कारण जंगलात नाही, घरातल्या धुळीत असण्याची शक्यता जास्त.

२. फिरून आल्यावर चेहरा धुवा, कपडे बदला.

३. सर्दीच्या गोळ्या मनाने घेऊ नका. काहींनी झोप येते. गाडी चालवणाऱ्यांना आणि वयस्कर मंडळींना ते धोक्याचं ठरतं. नाकात मारायचा स्प्रे दिला असेल तर तो सांगितल्याप्रमाणे रोज वापरा.

४. रात्री खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज किंवा धाप लागत असेल, तर ती नुसती सर्दी समजू नका. दम्याची तपासणी करून घ्या. इन्हेलर सुरू असेल तर ऋतू बदलला म्हणून तो बंद करू नका.

आणि चालणं सोडू नका. पळस जेमतेम काही आठवडे फुलतो. नाकाच्या भीतीने तो बघायचा राहून गेला, तर पुढच्या वर्षीपर्यंत थांबावं लागेल.