तलाठ्याला जो नियम, तो खेळाडूला का नाही?

फुटबॉल बघणाऱ्या होस्टेलमध्ये एक वाद कधीच संपत नाही. एखाद्या खेळाडूवर गंभीर गुन्ह्याचा आरोप होतो, पोलीस केस होते आणि पुढच्या शनिवारी तो मैदानात उतरणार की नाही हा प्रश्न येतो. लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "कोर्टाने दोषी ठरवलंय का? नाही ना? मग खेळू दे की!" दुसरी म्हणते, "आग असल्याशिवाय धूर निघत नाही. हाकला त्याला!" आवाज चढतात, मेसची वेळ होते आणि वाद तिथेच राहतो.

मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे मराठीतून एवढं लांबलचक लिहायची ही पहिलीच वेळ. सांभाळून घ्या! पण हा विषय मराठीतच लिहावासा वाटला, कारण त्याचं उत्तर मला आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या तहसील कचेरीच्या गप्पांमध्ये सापडलं.

माझे बाबा महसूल खात्यात अव्वल कारकून आहेत. "अमुक तलाठी सस्पेंड झाला" ही बातमी आमच्याकडे पेपरच्या आधी येते. सस्पेंड म्हणजे नोकरी गेली असं गावात सगळे धरून चालतात. बाबा म्हणतात, तसं नसतं गं. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ असे नियमच आहेत. कर्मचारी ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की तो निलंबित झाला असं मानलं जातं. साहेबाची मर्जी, माणूस कामाचा की बिनकामाचा, हे कोणी विचारत नाही. पण निलंबन ही शिक्षा नाही. नोकरी शाबूत असते, खुर्ची तेवढी काढून घेतात. घरची चूल पेटती राहावी म्हणून निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला साधारण अर्ध्या पगाराइतका. सुटला तर परत हजर. दोषी ठरला तर बडतर्फ.

हा असा नियम आपल्याकडे मोठ्या खेळाडूलाही लागलेला आहे. सुशील कुमार हा ऑलिंपिकची दोन पदकं मिळवलेला पैलवान. मे २०२१ मध्ये एका तरुण पैलवानाच्या खुनाच्या प्रकरणात त्याला अटक झाली. तो उत्तर रेल्वेत अधिकारी होता. अटकेनंतर काही दिवसांतच रेल्वेने त्याला निलंबित केलं. त्याने गुन्हा केला की नाही हे ठरवणं कोर्टाचं काम, रेल्वेने त्यात नाक खुपसलं नाही. पदकं बघून सूटही दिली नाही. मला हे फार आवडलं.

आता खाजगी संघांकडे या. तिथे असा नियम आधी लिहिलेला नसला की काय होतं, याचं सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्या मुंबईचा अंकित चव्हाण. डावखुरा फिरकी गोलंदाज, मुंबईकडून रणजी खेळलेला, आयपीएलमध्ये राजस्थान रॉयल्सकडे. १६ मे २०१३ रोजी दिल्ली पोलिसांनी त्याला श्रीशांत आणि अजित चंडिला यांच्याबरोबर स्पॉट-फिक्सिंगच्या आरोपाखाली अटक केली. बोर्डाने लगेच निलंबित केलं, संघानेही करार स्थगित केले. इथपर्यंत ठीकच म्हणायचं. पुढे त्यांच्यावर मोक्का लावला, म्हणजे आपल्याच महाराष्ट्राने १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीसाठी केलेला कायदा! अंकितचं लग्न ठरलेलं होतं. कोर्टाकडून थोड्या दिवसांचा जामीन घेऊन तो २ जून २०१३ रोजी बोहल्यावर उभा राहिला. सप्टेंबरमध्ये बोर्डाच्या चौकशीनंतर त्याच्यावर आणि श्रीशांतवर आजन्म बंदी आली.

२५ जुलै २०१५ ला दिल्लीच्या कोर्टाने या तिघांसह सर्व ३६ आरोपींना आरोपमुक्त केलं. पोलीस त्याविरुद्ध हायकोर्टात गेले. बोर्डाने मात्र बंदी उठवली नाही. बोर्डाचं म्हणणं कायद्याला धरूनच होतं, कारण फौजदारी केस वेगळी आणि शिस्तीची कारवाई वेगळी. पण शिक्षा किती? श्रीशांत कोर्टाच्या पायऱ्या झिजवत सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. मार्च २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने आजन्म बंदी रद्द केली आणि शिक्षेचा पुन्हा विचार करा म्हणून सांगितलं. मग ती सात वर्षांची झाली आणि सप्टेंबर २०२० मध्ये संपली. अंकितची बंदीही सात वर्षांची झाली, पण हे त्याला कळलं जून २०२१ मध्ये! अटक झाली तेव्हा तो २७ वर्षांचा होता, मोकळा झाला तेव्हा ३५ चा. त्याने काय केलं, काय नाही, ते मी सांगू शकत नाही. मी एवढंच म्हणते की शिक्षा संपल्याचं कळायलाही ज्याला नऊ महिने जास्त वाट बघावी लागते, त्याच्या बाबतीत "नियमाप्रमाणे झालं" असं कसं म्हणायचं?

गंमत अशी की ज्या राजस्थान रॉयल्सने खेळाडूंचे करार स्थगित केले, त्याच संघाला जुलै २०१५ मध्ये लोढा समितीने सहमालकाच्या सट्टेबाजीवरून दोन वर्षांसाठी निलंबित केलं. चोरी पकडायला बसलेल्याच्याच घरात चोरी! म्हणूनच खेळाडूचा न्याय एकट्या संघावर सोडू नये असं मला वाटतं.

फुटबॉलचे मोठे क्लबसुद्धा यात चाचपडतातच. ऑगस्ट २०२१ मध्ये मँचेस्टर सिटीच्या बेंजामिन मेंडीवर बलात्काराचे आरोप ठेवले गेले. क्लबने त्याला निलंबित केलं, ते बरोबरच. पण पुढच्याच महिन्यापासून पगार बंद केला. २०२३ मध्ये तो सगळ्या आरोपांतून निर्दोष सुटला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने सांगितलं की थकलेल्या पगारातला बराचसा भाग क्लबने त्याला द्यावा. आमच्या तहसीलच्या बाबूलोकांना विचारलं असतं तर त्यांनी आधीच सांगितलं असतं!

शेजारच्या मँचेस्टर युनायटेडने मेसन ग्रीनवुडवरचे आरोप फेब्रुवारी २०२३ मध्ये मागे घेतले गेल्यावर सहा महिने स्वतःची चौकशी केली. ज्या गुन्ह्यांचे आरोप होते ते त्याने केलेले नाहीत, असं क्लबने जाहीर केलं. आणि त्याच निवेदनात सांगितलं की त्याने आता दुसरीकडे खेळावं. अरे, मग चौकशी नेमकी कशाची केली? नियम आधी ठरलेला नसला की निर्णय लोकांच्या आरडाओरड्यावर ठरतो.

आता तुम्ही म्हणाल, ही तर खेळाडूंचीच वकिली झाली. थांबा. दुसरी बाजू मी जवळून बघितली आहे.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आमच्या गावी टेनिस बॉलची टुर्नामेंट होती. एका टीमच्या हुकमी बॉलरविरुद्ध एका मुलीने छेडछाडीची तक्रार दिली होती. पोलीस ठाण्यात नोंद झाली होती. कॅप्टन म्हणाला, "केसचं केस बघेल, आधी फायनल!" तो खेळला, टीम जिंकली, गुलाल उधळला, डीजे लावून मिरवणूक निघाली आणि ती नेमकी त्या मुलीच्या गल्लीतून गेली. कोणी तिला खोटारडी म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही, गुलालाने ते काम केलं. त्यानंतर तिने ट्यूशन सोडली, कारण रस्ता मैदानावरून जात होता. ती माझ्या चुलत बहिणीची मैत्रीण. केसचा निकाल अजून लागायचा आहे, पण गावाने तो त्या संध्याकाळीच लावून टाकला.

मोठ्या संघांतही असंच घडतं. मे २०१२ मध्ये बंगलोरच्या आयपीएल संघातल्या ल्यूक पॉमर्सबाखला एका तरुणीच्या तक्रारीवरून दिल्लीत अटक झाली. संघाने त्याला बाजूला ठेवलं खरं, पण संघमालकाच्या मुलानेच ट्विटरवर त्या तरुणीच्या वागण्यावर शेरे मारले. पुढे समझोता होऊन प्रकरण मिटलं. पण तक्रार करणाऱ्या दुसऱ्या मुलींनी त्यातून काय धडा घेतला असेल?

म्हणून "कोर्टाचा निकाल लागेपर्यंत खेळू दे" हे मला पटत नाही. आपल्याकडे निकालाला वर्षं लागतात आणि तोपर्यंत तो दर आठवड्याला टाळ्या घेत असतो. आणि "आधी हाकला" हेही पटत नाही, कारण अंकितची आठ वर्षं कोणी परत देऊ शकत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. गंभीर गुन्ह्यात आरोपपत्र दाखल झालं किंवा ४८ तासांपेक्षा जास्त कोठडी झाली की खेळाडू आपोआप बाजूला. पगाराचा ठरलेला हिस्सा चालू. चौकशी संघाबाहेरच्या माणसांकडे, आणि ठरावीक महिन्यांनी निलंबनाचा फेरविचार. तक्रारदाराबद्दल संघातल्या कोणीही चकार शब्द काढायचा नाही. सुटला तर जितक्या मोठ्या आवाजात बाजूला केलं, तितक्याच मोठ्या आवाजात परत घ्यायचं. आणि हे सगळं कराराच्या कागदावर सीझनच्या आधी लिहायचं. आरोपीचं नाव कळल्यावर कोणीच न्यायी राहत नाही. तो स्टार असेल तर आपण पळवाट शोधतो, बारावा खेळाडू असेल तर दार दाखवतो.

आपण वायरिंग करताना एमसीबीचं रेटिंग आधी ठरवतो. तो ट्रिप झाला म्हणून कोणी मशीन भंगारात टाकत नाही, आणि "प्रॅक्टिकल चालू आहे" म्हणून त्याला बायपासही करत नाही. आपल्या कॉलेजच्या टीम्सही दर वर्षी बाहेर खेळायला जातात. त्यांच्यासाठी असं एक पान जिमखान्याने याच वर्षी लिहून नोटीस बोर्डावर लावावं, असं मला वाटतं. आत्ता कोणावर काही आरोप नाही. म्हणून हीच ती लिहायची वेळ.