ढाल आणि निशाणा

शब्दांनाही आपापले प्रारब्ध असते. काही शब्द जन्मभर एकाच घरी नांदतात. काही मात्र असे पालटतात की, त्यांचे पूर्वरूप सांगितले तर ऐकणाऱ्याचा विश्वास बसू नये. शाळेपासून बँकेपर्यंत सर्वत्र कानी पडणारा ‘टार्गेट’ हा इंग्रजी शब्द आम्हांला या दुसऱ्या प्रकारातला वाटतो.

टार्गेट म्हणजे मुळात ढाल. जुन्या फ्रेंच भाषेत ‘टार्ज’ म्हणजे ढाल आणि तिचे लघुत्वदर्शक रूप ते टार्गेट. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील योद्धे अशी गोल ढाल डाव्या हातात धरीत. तिला लाकडी फळ्या, वर गाईचे कातडे आणि पितळी खिळे असत. १७४६ साली कलोडनच्या लढाईत सरकारी सैन्याच्या तोफा-बंदुकांपुढे तिचा निभाव लागला नाही. त्याच अठराव्या शतकात नेमबाजीच्या सरावासाठी उभारलेल्या निशाण्याला, गोल आकाराच्या साम्यामुळे, हे नाव मिळाले. घाव अडविणाऱ्या वस्तूचे नाव घाव खाण्यासाठी उभ्या केलेल्या वस्तूला चिकटले.

पुढे हा शब्द मैदान सोडून माणसांच्या बोलण्यात शिरला. अचूक बोलणे ते ‘ऑन टार्गेट’, ज्याच्यावर हल्ला करणे सोपे तो ‘सॉफ्ट टार्गेट’, सारखी बदलत राहणारी अपेक्षा म्हणजे ‘मूव्हिंग टार्गेट’ आणि जाहिरातदाराच्या लेखी तुम्ही-आम्ही सारे ‘टार्गेट ऑडियन्स’. समोर माणूस उभा असतो, शब्दाला मात्र फळी दिसते.

हा केवळ भाषेचा खेळ नव्हे. कुटुंबनियोजनाच्या सरकारी कार्यक्रमाला १९६० च्या दशकात टार्गेट जोडले गेले आणि आणीबाणीत त्याला सक्तीचे रूप आले. शिक्षकांनाही नसबंदीच्या ‘केसेस’ आणण्याचे आकडे ठरवून दिले गेले. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. ठरविलेला आकडा कितीतरी मागे पडला. ज्या बापाच्या लेकराला मास्तर बाराखडी शिकवीत, त्याच बापाकडे ‘केस’ म्हणून पाहण्याची पाळी त्यांच्यावर आली. टार्गेट पुरे झाले, गावाचा विश्वास मात्र उडाला. ही टार्गेटची पद्धत शासनाने देशभरातून काढून टाकली ती १९९६ च्या एप्रिलमध्ये.

आपल्या मराठीत याच अर्थाचा ‘नेम’ हा शब्द आहे. नेम म्हणजे निशाण्यावर धरलेली नजर आणि नेम म्हणजे नित्य पाळायचे व्रतही. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत पापासाठी आलेला ‘हमार्तिया’ हा शब्द ज्या क्रियापदापासून बनला, त्याचा जुना अर्थ ‘नेम चुकणे’ असाच आहे. टार्गेट गाठूनही नेम चुकू शकतो, हे या दोन शब्दांतील अंतर आम्हांला फार मोलाचे वाटते.

आमचा एक पुतण्या विमा विकतो. मार्च महिना आला की त्याची झोप उडते. गेल्या वर्षी एका रविवारी मिस्सा आटोपून घरी येताना तो म्हणाला, “काका, हल्ली चर्चच्या पायऱ्यांवर कोणी भेटले की आधी मनात हप्त्याचा आकडा येतो, मग त्याचे नाव.” आम्ही उपदेश केला नाही. त्याच्या घरची चूल त्या आकड्यावरच पेटते. टार्गेट म्हणजे एके काळी ढाल होती, एवढे मात्र त्याला सांगितले.

तो हसला. “मग विमा तरी दुसरे काय आहे, काका? घरातला कर्ता गेला तर मागच्यांना ढालच ना!” चार पावले चालल्यावर तो थांबला आणि जरा हळू आवाजात म्हणाला, “पण ज्याला हप्ता झेपणार नाही त्याच्या गळ्यात मारली, तर ती ढाल राहत नाही.”

त्या मार्चअखेर त्याचा आकडा थोडा उणा राहिला, आणि साहेबांची बोलणी त्याला खावी लागली. पायऱ्यांवर मात्र तो आता लोकांना नावाने हाक मारतो.