पर, खवले आणि लाईक



दाविद राहाबीची गोष्ट आपल्यातल्या प्रत्येकाने लहानपणी ऐकली आहे. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली आहेत, हे कळल्यावर तो आला. हे लोक खरेच यहुदी आहेत का, हे पाहायला त्याने आपल्या बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली. त्यांनी पर आणि खवले असलेली मासळी तेवढी रांधायला घेतली, बाकीची बाजूला सारली. झाले, त्याने ओळखले. परंपरा असे सांगते.

या गोष्टीत एक बारीक मुद्दा आहे, तो आम्हाला एवढ्या वर्षांनी सुचला. राहाबीने कुणाला तुमचा धर्म कोणता असे विचारले नाही. टोपलीत काय घेतले आणि काय टाकले, एवढेच पाहिले. आज फोनवर आपण दिवसभर तेच करतो. हे आवडले, ते नको. आणि बघणारा बघत असतो.

आम्ही चौघीजणी निवृत्त नर्स, सगळ्या बेने इस्राएल. बुधवारी बेर-शेवाला एकीच्या घरी चहाला जमतो. गेले काही महिने आमचा विषय हाच आहे, कारण आमच्यातल्या एकीच्या घरावर तो येऊन आदळला. ते पुढे सांगतो. आधी हे ओळखणे चालते कसे ते पाहू.

2013 साली केंब्रिज विद्यापीठातले मिखाल कोसिन्स्की आणि डेव्हिड स्टिलवेल, आणि मायक्रोसॉफ्टचे थोरे ग्रॅपेल यांनी एक अभ्यास छापला. 58 हजारांहून अधिक अमेरिकन लोकांनी आपले फेसबुकचे लाईक त्यांना स्वखुशीने दिले होते. माणशी सरासरी 170 लाईक. फोटो नाही, मजकूर नाही, फक्त कोणत्या पानावर अंगठा दाबला एवढेच. त्यावरून माणूस गोरा की काळा, ख्रिस्ती की मुसलमान, कोणत्या पक्षाचा, सिगारेट ओढतो का, आणि मूल 21 वर्षांचे व्हायच्या आत आईबाप वेगळे झाले का, इथपर्यंत संगणकाने अंदाज बांधले. शेवटचा अंदाज कच्चाच होता. पण एक समलिंगी पुरुष आणि एक समलिंगी नसलेला पुरुष अशी जोडी समोर ठेवली, तर कोण कोणता हे शंभरात 88 वेळा बरोबर निघाले. आणि त्या समलिंगी माणसांपैकी, ज्यावरून कुणालाही सहज कळेल अशा पानांना लाईक करणारे 5 टक्केही नव्हते. म्हणजे त्यांनी सांगितले नव्हतेच.

मग कळले कशावरून? इथेच गंमत आहे. त्याच अभ्यासात मळसूत्रासारख्या कुरळ्या तळलेल्या बटाट्यांचे पान आवडणारे लोक बुद्धीच्या चाचणीत वरचे निघाले. बटाटा खाऊन कुणी हुशार होत नाही. पण लाईक मित्रांमधून पसरतात, आणि मित्र बहुधा आपल्यासारखेच असतात. आपलेच घ्या. एखादी बाई आव महिन्यात बिरड्याचा फोटो टाकते, मराठी नाट्यगीताच्या पानावर अंगठा दाबते, दिमोनाच्या क्रिकेटवाल्यांचे अभिनंदन करते. बेने इस्राएल हा शब्द संगणकाला ठाऊक नसला तरी ही सगळी माणसे एका गाठोड्यात बांधायला तो चुकणार नाही. बिरडे सुटे पाहिले तर काहीच सांगत नाही. दीडशे गोष्टी एकत्र आल्या की सांगतात.

2015 साली याच मंडळींनी वू यूयू हिच्यासोबत आणखी एक अभ्यास केला. माणसाच्या स्वभावाचा अंदाज बांधण्यात 10 लाईकवर संगणक सोबत काम करणाऱ्याच्या पुढे गेला, 70 वर मित्राच्या, 150 वर घरच्या माणसाच्या आणि 300 वर नवऱ्याच्या किंवा बायकोच्या. आमच्यातली एक म्हणाली, चाळीस वर्षांत आमच्या ह्यांना कळले नाही ते तीनशे अंगठ्यांत कळते म्हणजे अंगठेच बरे. हसलो खूप.

पण वॉर्डात आयुष्य काढलेल्या बाईला आकडा दिसला की दुसरा प्रश्न पडतो: चुकीचे किती पकडले? समजा, हजार माणसांत 20 जणांना एक आजार आहे, आणि चाचणी दोन्ही बाजूंनी शंभरात 90 वेळा बरोबर येते. आजारी 20 पैकी 18 सापडतील. निरोगी 980 पैकी 98 वरही तोच शिक्का बसेल. म्हणजे शिक्का बसलेल्या 116 जणांत खरे आजारी 18. दवाखान्यात अशा चाचणीनंतर दुसरी, पक्की चाचणी होते, आणि ती होईपर्यंत आम्ही तोंड उघडत नाही. लाईकवरून काढलेल्या अंदाजाला दुसरी चाचणी कोण करणार? त्या 98 जणांना शिक्का बसला हे कळतसुद्धा नाही.

आता आमची गोष्ट. आमच्यातल्या एकीने नोकरीची शेवटची बारा वर्षे स्तनाच्या कर्करोगाच्या वॉर्डात काढली. निवृत्तीनंतर ती रुग्ण बायकांच्या एका फेसबुक गटात राहिली. ड्रेन कसा सांभाळायचा, हात सुजला तर काय करायचे, विग कुठे बरा मिळतो, असले प्रश्न रात्री अकरालाही येतात, आणि ती उत्तरे देते. तिच्या लेकीचे एका परदेशी राहणाऱ्या आपल्यातल्याच घरात जमत आले होते. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत, साखरपुड्याची मेहंदी कोण लावणार इथवर बोलणे गेलेले. मग एकाएकी फोन कमी झाले. मुलगा सध्या तयार नाही, एवढेच कळवले. कारण विचारायची आपल्यात रीत नाही, आणि मुलीची आई तर विचारतच नाही.

चार महिन्यांनी एका बार-मित्स्वाच्या मलिद्याला मुलाकडच्या नात्यातली एक बाई हिच्याजवळ येऊन बसली आणि अगदी मायेने म्हणाली, "ताई, आता तब्येत कशी आहे? किमो संपली ना?"

तेव्हा उलगडा झाला. मुलाच्या मावशीने हिचे फेसबुक पाहिले होते. कोणता गट, कोणती पाने, कुणाच्या फोटोखाली हृदय. त्यावरून तिने ठरवले की ही आजारी आहे, हिला आहे म्हणजे लेकीलाही असणार. या देशात बीआरसीए हा शब्द भाजीवालीलाही ठाऊक आहे. हिची तब्येत ठणठणीत आहे. पण आम्ही त्यावर अडून बसलो नाही, कारण समजा खरेच असते तर? मग त्या मावशीचे बरोबर ठरले असते का? आजार आईचा, सांगायचा तिने. लेकीचा असेल तर लेकीने, आणि तिला वाटेल तेव्हा.

इथे संगणक कुठेच नव्हता, एक मावशी होती. म्हणूनच तर कळले. माणसाने बांधलेला अंदाज केव्हातरी माणसाच्या तोंडून बाहेर पडतो. जाहिरातवाल्याचा किंवा विमेवाल्याचा संगणक मलिद्याला येऊन शेजारी बसत नाही.

आपल्यासारख्या छोट्या जमातीला याचा त्रास जास्त, हे आम्हाला हिशेबाने पटले आहे. मोठ्या समाजात एकाने सांगितले तर एकाचे कळते. आपल्यात पेणकर, चेऊलकर, झिराडकर म्हटले की गाव कळते, आईचे माहेर कळले की निम्मी वंशावळ कळते. एक जण बोलला की चाळीस जणांचे कळते. केंब्रिज अॅनालिटिकाचे प्रकरण 2018 साली बाहेर आले, तेव्हा प्रश्नावलीचे अॅप घेणारे साधारण 2 लाख 70 हजारच होते. पण त्यांच्या मित्रांची माहिती ओढून आकडा 8 कोटी 70 लाखांपर्यंत गेला. मित्रांना कुणी विचारले नव्हते. 2023 साली ट्वेंटी-थ्री-अँड-मी या डीएनए कंपनीची सुमारे 14 हजार खाती चोरांनी उघडली. पण नातेवाईक शोधून देणाऱ्या सोयीमुळे सुमारे 69 लाख लोकांची माहिती गेली. आणि चोरांनी विकायला पहिल्यांदा काय मांडले, तर अश्केनाझी यहुद्यांची यादी. आपल्या लोकांना यादी म्हटल्यावर काय वाटते ते लिहायला नको.

आणि बेने इस्राएलांना तर वंशावळीची चौकशी नवी नाही. 1962 साली मुख्य रब्बी यित्झाक निसीम यांच्या काळात विवाह नोंदणाऱ्यांना आदेश गेला की बेने इस्राएल मुलगा किंवा मुलगी लग्नाला आली तर आईची, आजीची, मागे जाता येईल तितकी चौकशी करा. इतर यहुद्यांना नाही, आपल्यालाच. आपले लोक जेरुसलेमला धरणे धरून बसले, आणि 1964 च्या उन्हाळ्यात क्नेसेटला सांगावे लागले की बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत. त्या लढ्यात आपल्या वडीलधाऱ्यांच्या हातात एक गोष्ट होती. कागद समोर होता, सही कुणाची ते दिसत होते, कुठे जाऊन बसायचे ते ठाऊक होते. लाईकवरून कुणी आपल्या लेकराला बाजूला काढले तर धरणे कुणाच्या दारात धरायचे?

थोडे बरेही घडले आहे. 1 ऑगस्ट 2022 रोजी लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने लिथुआनियाच्या एका खटल्यात निकाल दिला. सरकारी जाहीरनाम्यात जोडीदाराचे नाव छापले की त्यावरून माणसाचा लैंगिक कल कळू शकतो. म्हणून ज्यावरून नाजूक माहितीचा अंदाज निघतो तीही नाजूकच धरायची, असे न्यायालय म्हणाले. आडनावावरून गाव ओळखणाऱ्या आपल्यासारख्यांना हे समजायला वकील लागत नाही.

सगळेच वाईट असे मात्र आमचे म्हणणे नाही, आणि इथे आमच्यात दोन तट आहेत. 2018 साली अमेरिकेत 683 रुग्णांनी आपले फेसबुक आणि दवाखान्याची कागदपत्रे दोन्ही संशोधकांना दाखवली. लिहिण्याच्या शब्दांवरून, म्हणजे रडू, एकटेपण आणि पुन्हा पुन्हा 'मी', नैराश्याची चिन्हे निदान होण्याआधीच काही प्रमाणात दिसली. आमच्यातली एक, जिने मानसोपचाराच्या वॉर्डात काम केले आहे, म्हणते की हे वेळेवर कळले असते तर तिने पाहिलेली दोन मुले वाचली असती. तिला आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. एवढेच म्हणालो की त्या 683 जणांना आधी विचारले होते.

आमच्या कुटुंबवृक्षाच्या गटात आता जिवंत माणसांच्या जन्मतारखा काढल्या आहेत. कोण कशाने गेले ही ओळही काढली, यावर एका काकांनी फार वाद घातला. त्यांचे म्हणणे, मग इतिहास कसा लिहायचा? आम्ही ती पाने वहीत उतरवून ठेवली आहेत, पाहायची असतील त्यांनी चहाला यावे. मुलांच्या मलिद्याचे फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय टाकत नाही. आणि स्थळ पाहताना फेसबुक चाळण्याआधी सरळ फोन करून विचारावे, हे आम्ही ओळखीच्या प्रत्येक घरी सांगतो. विचारलेले लागत नाही, न विचारलेले लागते.

लेकीचे दुसरीकडे बघणे चालू आहे. तिच्यासाठी आईने पेसाहनंतर तो रुग्णांचा गट सोडला. आठवडाभरात दोघींचे फोन आले, सिस्टर, कुठे गेलात? एकीचा ड्रेन गुरुवारी निघायचा होता. आता ती फोनवरच सांगते, रात्री अकरालाही. पण फोन नंबर दोघींकडेच होता. गटात बायका सहाशेच्या वर आहेत.