एका मुलाखतीचे देणे

मुलाखत म्हणजे सुशिक्षित बेकाराचे स्वयंवरच! धनुष्य आपण उचलायचे. वरमाला मात्र दुसऱ्याच्या हाती. त्यातून वाशीमचा कलाशाखेचा पदवीधर संगणकाच्या नोकरीसाठी उभा राहिला, तर लोक हसणारच. तरी मी प्रोग्रॅमिंग शिकलो, बाबांच्या सोयाबीनच्या हिशेबासाठी एक प्रोग्रॅम लिहिला आणि तो घेऊन पुणे गाठले.

परीक्षकांनी तो उघडूनही पाहिला नाही. विचारले काय, तर "एका एस.टी. बसमध्ये टेनिसचे चेंडू किती मावतील?" मी बसची लांबी-रुंदी-उंची धरून हिशेब मांडला. "कळवू," म्हणाले, कळवले कधीच नाही. घरी बाबांनी काही विचारले नाही. ते न विचारणेच अधिक बोचले.

पुढे वाचनात आले, की गूगलचे तत्कालीन मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ सालीच सांगून टाकले होते : असली कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, त्यांवरून उमेदवाराच्या कामाचा काहीच अंदाज येत नाही. माणूस पारखायचा, तर त्याला कामच द्यावे!

आज गावातली मुले माझ्याकडे सरावाला येतात. मी त्यांना अकारविल्हे लावलेली १००० नावांची यादी देतो आणि एक नाव शोधायला सांगतो. कुणी पहिल्यापासून वाचत सुटतो. कुणी मधोमध बोट ठेवून निम्मी यादी बाद करतो, उरलेलीची पुन्हा निम्मी. फार तर १० वेळा पाहिले, की काम झाले. मग मी विचारतो, "असे का केलेस?"

तो सांगू लागतो, आणि मी शेवटपर्यंत ऐकतो.