फियाटची बी साइड

विंटेज कार म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हॉर्निमन सर्कल, चकाचक रोल्स रॉइस, हॅट घातलेल्या बायका आणि स्टिअरिंगवर एखादे माजी महाराज. बरोबर? आता सरळ बदलापूर लोकल पकडा. कल्याणच्या पुढची जुन्या गाड्यांची हौस ही पूर्णपणे वेगळी भानगड आहे. इथली गाडी राजवाड्यातून येत नाही, पीएफच्या कर्जातून येते. मग तिला घरातल्या माणसासारखा खोकला होतो, पावसाळ्यात दमा होतो आणि दर दिवाळीला तिच्यावरून नवरा-बायकोचं एक भांडण होतं.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. म्हणजे खरं तर ऐकीवच सांगतेय, कारण माझ्याकडे कॅसेट्स आहेत.

२००४च्या फेब्रुवारीत एका हौशी कार क्लबची रोड रन होती. उल्हासनगरच्या गोल मैदानातून निघायचं, अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी चहा-वडा, मग बदलापूर आणि बारवी धरणाच्या रस्त्याला समारोप. अंतर फारतर २५-३० किलोमीटर, वेळ लागला ५ तास. रेस कसली, वरातच होती. पुढे एक विलीज जीप, मागे अँबॅसडर, एक स्टँडर्ड हेरल्ड, दोन ‘डुक्कर’ फियाट (जुन्या गोलमटोल ११००ला अख्खी मुंबई प्रेमाने हेच म्हणायची) आणि बाकी सगळ्या पद्मिनी. मी ट्रेनी रिपोर्टर. हातात पॉकेट टेपरेकॉर्डर, पर्समध्ये ६० मिनिटांच्या ५ कॅसेट्स. या गाडीतून त्या गाडीत उड्या मारत मी मुलाखती घेतल्या. छापून आला एक फोटो आणि त्याखाली ४ ओळी. पानावर शेवटच्या क्षणी जाहिरात आली होती. आमच्या धंद्यात हे चालायचंच.

मागच्या वर्षी आमची अंबरनाथची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि माळ्यावरून चपलांचा एक खोका खाली आला. त्यात या ५ कॅसेट्स. पण वाजवायच्या कशावर? जुन्या टेपचा रबरी बेल्ट वितळून डांबर झाला होता. अशा वेळी माणूस कुठे जातो? उल्हासनगरला. जगात कुठेही बंद पडलेली वस्तू तिथे कोणीतरी दुरुस्त करतंच. दुकानदाराने नवा बेल्ट टाकला आणि एका कॅसेटमधला फेल्टचा गळालेला तुकडा दुसऱ्या कॅसेटमधून काढून चिकटवला. म्हणाला, ‘मॅडम, एकदाच वाजवा आणि त्याच वेळी कॉम्प्युटरमध्ये घ्या. दुसऱ्यांदा वाजेल याची गॅरंटी नाही.’ मी हेडफोन लावले, ऑडॅसिटी सुरू केलं आणि प्ले दाबलं.

पहिली १० मिनिटं फक्त इंजिन. मग हळूहळू माणसं.

गंमत म्हणजे गाडीबद्दल कोणी फार बोलतच नाही. सगळे बोलतात वाट बघण्याबद्दल. लायसन्स-परमिटच्या काळात गाडी बुक करायची आणि नंबर लागेपर्यंत मुलं शाळेत जायला लागायची. वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्यात फियाट बनवायची. १९६४मध्ये ११०० डिलाइट आली आणि १९७४ पासून तीच गाडी ‘पद्मिनी’ झाली. नाव चितोडच्या राणीचं, इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगला. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि राणीच्या दरबारातली गर्दी ओसरू लागली. टेपवरचे एक आजोबा अजून त्या मारुतीवर रागावलेले आहेत. ‘खेळणं’ एवढंच म्हणतात आणि थुंकल्यासारखा आवाज येतो.

पण मला सांगायचंय ते तिसऱ्या कॅसेटबद्दल.

तिच्या ए साइडला बदलापूरचे एक बँकवाले काका आहेत. गाडी १९७४ची पद्मिनी, त्यांनी १९८६मध्ये सेकंडहँड घेतलेली. आवाज खणखणीत. १५ मिनिटांत त्यांनी ‘ओरिजिनल’ हा शब्द ११ वेळा उच्चारलाय, मी मोजलाय. रंग ओरिजिनल, मीटर ओरिजिनल, पत्रा तर ‘कुर्ल्याहून निघाला तस्साच’. मागच्या सीटवरून काकू मध्येच म्हणतात, ‘मागची काच ३ वर्षं खाली होत नाही, तीही ओरिजिनलच.’ काका खाकरतात. पुढचा प्रश्न.

बी साइडला त्यांचा मिस्त्री. गाडी बारवीच्या चढाला गरम होऊन बंद पडली होती. पेट्रोल पाइपातच उकळून वाफ अडकते, हा पद्मिनीचा पेटंट आजार. मिस्त्रीदादा पंपावर ओलं फडकं ठेवून ते थंड व्हायची वाट बघत बसले होते, आणि मी शेजारी टेप चालू करून. उल्हासनगर कॅम्प ४चे सिंधी दादा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणला लष्कराची छावणी होती, फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये निर्वासित आले आणि १९४९मध्ये छावणीचं उल्हासनगर झालं. त्यांचे वडील लष्कराने लिलावात काढलेल्या ट्रकांवर काम शिकले आणि दादा वडिलांकडे. मराठी, हिंदी, सिंधी सगळं एका वाक्यात. इंजिनाला कान लावून कोणता व्हॉल्व्ह आवाज करतोय ते सांगायचे.

आणि मग, अगदी सहज, त्यांनी त्या ओरिजिनल गाडीची पत्रिकाच मांडली. ब्लॉक जुनाच, पण बोअर करून मोठे पिस्टन टाकलेले. हेड कुर्ल्याला तोडलेल्या एका टॅक्सीचं. आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा? तो गंजून इतका गेला होता की चालत्या गाडीतून रस्ता दिसायचा. ‘मग साहेब घरून कपाटाचा दरवाजा घेऊन आले. गोदरेजसारखा, भारी पत्रा. मी कापून वेल्डिंग मारून दिला. पण मॅडम, घरी नाही सांगायचा हां. साहेबांनी सांगितलाय, वहिनींना नाही सांगायचा.’

मी हेडफोन काढून हसत बसले.

त्याच आठवड्यात मी क्लबच्या जुन्या यादीतला नंबर फिरवला. फोन काकांच्या मुलाने उचलला. पुण्यात आयटीत आहे. काका २०१९मध्ये गेले. माझ्या त्या ४ ओळींचं कात्रण त्यांनी फ्रेम करून ठेवलं होतं म्हणे. ‘ताई, बाबांचा आवाज आहे? खरंच? आमच्याकडे त्यांचा एकही व्हिडीओ नाही. आईला ऐकवायला हवं.’ मग दोन मिनिटं कोणीच बोललं नाही. आणि मग त्याने दुसरी गोष्ट विचारली. गाडीने २०२४मध्ये पन्नाशी गाठली होती आणि त्याला ती ‘विंटेज’ म्हणून नोंदवायची होती. बाबा टेपवर गाडीबद्दल काय सांगतात?

इथे थोडा कायदा. २०२१च्या जुलैत केंद्राने मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांचं वेगळं कलम घातलं. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, २०,००० रुपये फी, नंबरप्लेटमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं, नोंदणी १० वर्षांची. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. आणि एकदा विंटेज झाली की रोज फिरवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर. नाही नोंदवली, तर १५ वर्षांपुढच्या गाड्यांचा नेहमीचा रस्ता आहेच : फिटनेस आणि दर ५ वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी २०२२च्या एप्रिलमध्ये ६०० वरून ५,००० झाली आणि २०२५मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी १०,०००.

म्हणजे बघा, माझ्या लॅपटॉपवर एका फाइलमध्ये दोन माणसं. एक ११ वेळा ‘ओरिजिनल’ म्हणतोय आणि दुसरा म्हणतोय ‘कपाट’. शिवाय ‘वहिनींना नाही सांगायचा’. दादाही आता नाहीत. बी साइड सिलेक्ट करून डिलीट दाबायला २ सेकंद लागतात. माझ्या एका मैत्रिणीचं मत, कापून टाक, बाईंना नवऱ्याचा आवाज हवाय, पंचनामा नकोय. मुद्दा बिनतोड होता. पण ती फाइल कापायची म्हणजे दादांनाच कापायचं. तशीही क्लबच्या कोणत्याही ग्रुप फोटोत मिस्त्री लोक नाहीत. तेव्हा ते गाडीखाली असतात.

मी पेनड्राइव्ह घेऊन रविवारी बदलापूरला गेले. काकूंना आधीच सांगितलं, ‘दोन बाजू आहेत. दुसऱ्या बाजूला काका नाहीत, पण त्यांचं एक गुपित आहे. हवं तर नका ऐकू.’ त्यांनी चष्मा पुसला. म्हणाल्या, ‘लाव.’

ए साइड ऐकताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. स्वतःच्या आवाजावर मात्र चपापल्या. ‘केवढी ओरडत होते मी!’ बी साइडला कपाटाचं दार आलं आणि मुलाने माझ्याकडे बघितलं. काकू काहीच बोलल्या नाहीत. पुन्हा लाव म्हणाल्या. पुन्हा लावलं. मग म्हणाल्या, ‘दोनशे रुपये आणून दिले होते माझ्या हातावर. म्हणाले, भंगारवाला आला होता, कपाट दिलं. मी वर म्हटलं, एवढे कसे दिले त्याने?’ आणि त्या हसायला लागल्या. इतक्या की पाणी आणावं लागलं, आणि मग ते हसणं राहिलं नाही.

खाली उतरून आम्ही गाडीचा दरवाजा उघडला. मुलाने ड्रायव्हरच्या बाजूचं रबरी मॅट उचललं. काळा रंग. किल्लीने जरा खरवडलं तर खाली पोपटी. ‘हेच,’ काकू म्हणाल्या, ‘माझ्या माहेरचं कपाट.’

विंटेजचा फॉर्म त्याने अजून भरलेला नाही. एक तर आता तो ‘मूळ रूपात’ या शब्दांवर अडकलाय. दुसरं म्हणजे काकूंनी स्पष्ट सांगितलंय, व्हीए नंबर लागला तर मला भाजीला कोण नेणार? वकिलाला विचारतोय म्हणाला. मला विचाराल तर १०,०००ची पावती फाडावी आणि फिरवावी.

कॅसेटची एक कॉपी मी कॅम्प ४मध्ये दादांच्या नातवालाही दिली. गॅरेज आता तो चालवतो, बहुतेक स्कूटरच येतात. आजोबांचं बोलणं त्याने उभ्या उभ्या पूर्ण ऐकलं, मध्ये एक गिऱ्हाईक परत पाठवलं. शेवटी गाडी थंड होते, दादा चोक ओढायला सांगतात, इंजिन दोनदा खोकतं आणि सुरू होतं. तेवढा २० सेकंदांचा तुकडा त्याने वेगळा मागून घेतला. रिंगटोनसाठी.