आधी ग्रामसभेला बस

६ जानेवारी. पत्रकार दिन. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली याच तारखेला ‘दर्पण’ काढलं, म्हणून आज गावोगावी शाल-श्रीफळ. भाचीचा फोन आला, “मामा, पत्रकारितेत सुरुवात कुठून करू? पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटला प्रवेश घेऊ?”

घे की. पण आधी ग्रामसभेला जाऊन बस, म्हटलं. नळपाणी योजनेवर कोण भांडतं, कुठल्या प्रश्नाला सरपंच घोटभर पाणी पितात, ते बघ. मग माहिती अधिकाराचा अर्ज टाक. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. (देतातच असं नाही.) कागदावरचा खर्च आणि कोरडा नळ शेजारी मांडलास की बातमी झाली. दीडशे शब्दांत बसव. आकडा, हुद्दा, आडनाव पुन्हा तपास. आडनाव चुकलं की तो माणूस सकाळी सातलाच फोन करतो.

मानधनाचं विचारलं तेव्हा मी जरा चाचरलो. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीइतकाच जाहिरातींचा तगादा असतो आणि हातात येतं त्यात घर चालत नाही. सुरुवातीला जोडीला दुसरं काम ठेव, एवढंच बोललो.

“पुढची ग्रामसभा कधी?”

२६ जानेवारीला.